हातगुण

कंबर धरली की माणसाच्या तोंडून पहिले वाक्य येते, ‘काहीतरी सरकलंय.’ पोटात दुखले की बेंबी सरकलेली असते, पायात कळ गेली की शिरेवर शीर चढलेली असते आणि एमआरआयचा अहवाल हातात पडला की मणक्यातली गादी तरी सरकलेली असते किंवा मणक्यात गॅप तरी आलेला असतो. दुखण्याची ही आपली भाषा. तिच्यात निदान आहे आणि उपायही आहे. जे सरकले, ते कुणीतरी जागेवर बसवायचे.

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज. आमच्या आळीत अशा एक बाई होत्या. त्यांच्या ओसरीवर धट्टीकट्टी माणसे कण्हत पालथी झोपलेली मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी उठून आपल्या पायांनी घरी गेलेलीही पाहिली आहेत. लोक म्हणत, बाईंच्या पायाला गुण आहे.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत याच ‘सरकण्या’वर एक पूर्ण वैद्यकीय व्यवसाय उभा राहिला. त्याचे नाव कायरोप्रॅक्टिक. आज तिथे सुमारे सत्तर हजार परवानाधारक कायरोप्रॅक्टर आहेत, त्यांची महाविद्यालये आहेत आणि विमा कंपन्या त्यांची बिले भरतात. आपल्याकडे हा व्यवसाय मोबाइलच्या पडद्यावरून घरात आला. कुणीतरी पालथे झोपलेले असते, दोन हात पाठीवर येतात, कडकड आवाज होतो आणि झोपलेला माणूस सुस्कारा टाकून हसत उठतो. ते पाहून आपलीही मान आपोआप वळते. मग प्रश्न पडतो, जावे का?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर त्याचे दोन भाग करावे लागतात. हाताने आराम पडतो का, हा एक प्रश्न. आराम पडण्याचे जे कारण सांगितले जाते ते खरे आहे का, हा दुसरा. गेली सव्वाशे वर्षे हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवले गेले. त्यांचा गुंता सोडवणे रुग्णाच्या हिताचे आहे.

डेव्हनपोर्टचा दवाखाना

आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. तिथल्या रायन बिल्डिंगमध्ये डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थांचा दवाखाना होता. जन्म १८४५चा, कॅनडातल्या ऑन्टारिओतला. त्यांनी शाळेत शिकवले होते, मधमाश्या पाळल्या होत्या, फळझाडांची रोपे विकली होती, किराणा मालाचे दुकानही चालवले होते. पुढे ते ‘चुंबकीय उपचारक’ झाले. आपल्या हातांतून रुग्णाच्या शरीरात शक्ती जाते, असे मानणाऱ्या उपचारकांचा त्या काळी अमेरिकेत सुकाळ होता.

असे उपचारक का चालत, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळचा डॉक्टर पारा घातलेले रेचक देई, अफूचा अर्क देई. औषधाने मरण्याची भीती रोगाने मरण्याच्या भीतीइतकीच खरी होती. औषध न देता, सुरी न लावता नुसत्या हाताने बरे करतो म्हणणाऱ्याकडे माणसे गेली, यात नवल नाही. शेजारच्या मिसूरी राज्यात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला होता आणि १८९२ मध्ये त्याची शाळाही काढली होती. युरोपातून आलेले हाडे बसवणारे लोक तर गावोगावी होतेच.

रायन बिल्डिंगमध्ये साफसफाईचे काम करणारे हार्वी लिलर्ड हे कृष्णवर्णीय गृहस्थ सतरा वर्षे बहिरे होते. पामर यांनी पुढे लिहिले की, अवघडून वाकलेले असताना पाठीत काहीतरी हलले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलर्डनी त्यांना सांगितले. पामर यांनी पाठ चाचपली, एक मणका जागेवरून हललेला त्यांना जाणवला. त्यांनी तो दाबून बसवला आणि लिलर्डना रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाकांचा आवाज ऐकू येऊ लागला. १८ सप्टेंबर १८९५ हा तो दिवस मानला जातो. जगभरचे कायरोप्रॅक्टर हा दिवस आपल्या शास्त्राचा जन्मदिवस म्हणून पाळतात.

लिलर्ड यांच्या मुलीने वडिलांकडून ऐकलेली हकिकत वेगळी होती. लिलर्ड दवाखान्याबाहेर एका मित्राला विनोद सांगत उभे होते. पामरही ऐकायला थांबले आणि विनोद संपताच हसत हसत त्यांनी लिलर्डच्या पाठीवर हातातल्या जाड पुस्तकासकट थाप मारली. काही दिवसांनी लिलर्ड म्हणाले, थोडे बरे ऐकू येतेय असे वाटते. त्यानंतर पामर यांनी हा विषय हाती घेतला.

यातली कुठलीही हकिकत खरी धरली तरी एक अडचण उरतेच. ऐकण्याचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जात नाही. तो कानातून निघतो आणि कवटीच्या आतूनच थेट मेंदूत पोहोचतो. पाठीचा मणका बसवून बहिरेपण जाण्याचा रस्ता शरीररचनेत सापडत नाही. पामर यांनी मात्र या एका घटनेवरून सगळ्या रोगांचे कारण शोधून काढले. मणका जागेवरून किंचित हलतो, त्याचा दाब मज्जातंतूवर पडतो, शरीराला चालवणाऱ्या ‘जन्मजात प्रज्ञे’चा प्रवाह अडतो आणि रोग होतो. या हलण्याला त्यांनी ‘सबलक्सेशन’ म्हटले. शंभरातले पंच्याण्णव रोग मणक्यांमुळे आणि उरलेले इतर सांध्यांमुळे, असा त्यांचा दावा होता. सॅम्युएल वीड या धर्मोपदेशक मित्राने ग्रीक भाषेतून नाव सुचवले. कायरो म्हणजे हात, प्रॅक्टिक म्हणजे केलेले. हाताने केलेले, ते कायरोप्रॅक्टिक.

लिलर्ड यांच्या प्रसंगानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. जिवंत माणसाचे हाड डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली. पामर यांच्या शाळेने १९१० मध्येच क्ष-किरण यंत्र आणले. पण पामर म्हणत होते ते हललेले मणके त्या चित्रांत भरवशाने दिसले नाहीत. अस्थिरोगतज्ज्ञही सबलक्सेशन हा शब्द वापरतात, पण त्यांचे सबलक्सेशन म्हणजे सांध्याचे अर्धवट निखळणे. ते एक्स-रेमध्ये दिसते. कायरोप्रॅक्टरांचे सबलक्सेशन बोटांना जाणवते, असे सांगितले जाई. पण तपासणाऱ्यांची बोटे बदलली की ते कुठल्या मणक्यात आहे, यावर त्यांचे एकमत होत नसे.

तुरुंग, रेडिओ आणि न्यायालय

१८९७ मध्ये पामर यांनी शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला आणि तेवीस दिवसांनी दंड भरून ते बाहेर आले. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांना परवाने देणारा पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात १९२२ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने असा कायदा संमत केला. शेवटचे राज्य लुइझियाना. तिथे १९७४ उजाडले.

या विस्ताराचा खरा कर्ता मुलगा बार्टलेट जोशुआ पामर. सगळे त्यांना बी. जे. म्हणत. जाहिरातीची ताकद त्यांनी फार लवकर ओळखली. डेव्हनपोर्टचे डब्ल्यूओसी हे रेडिओ केंद्र त्यांनी १९२२ मध्ये विकत घेतले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांना निवेदक म्हणून पहिली नोकरी १९३२ मध्ये याच केंद्राने दिली. ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर पामर महाविद्यालय आजही उभे आहे.

संघटित वैद्यकाने या व्यवसायाला कधीच आपले मानले नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदू वैद्यकीविरुद्ध एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिक रोखणे आणि शेवटी संपवणे हे तिचे मुख्य काम. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठवणे किंवा त्याच्याबरोबर काम करणे हे व्यावसायिक नीतीला सोडून मानले जाई. १९७६ मध्ये शिकागोचे कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि त्यांचे चार सहकारी न्यायालयात गेले. पहिल्या फेरीत ते हरले. फेरसुनावणी झाली आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झनडॅनर यांनी निकाल दिला की, असोसिएशनने स्पर्धा रोखणाऱ्या कटाविरुद्धचा कायदा मोडला आहे. १९९० मध्ये अपील न्यायालयातही तो निकाल टिकला.

या निकालाचा अर्थ लावताना अनेकांची गल्लत होते. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. एका व्यवसायाने दुसऱ्यावर संघटित बहिष्कार घालणे बेकायदा आहे, एवढेच ठरले. उपचार खरा की खोटा, हे ठरवायला रुग्णांवर केलेले नीट अभ्यासच लागतात.

टेबलावर काय होते

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी महाविद्यालयीन पूर्वतयारीनंतर चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये घालून दिलेला किमान दंडक ४,२०० तासांचा आहे. त्यात शरीररचना, मज्जासंस्था, एक्स-रे वाचणे आणि प्रत्यक्ष रुग्णांवरचा सराव येतो. औषधे लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे काम नव्हे.

चांगला कायरोप्रॅक्टर लगेच हात लावत नाही. आधी तो विचारतो. दुखणे कधी सुरू झाले, रात्री झोपमोड होते का, पायात मुंग्या येतात का, ताप, पडणे-झडणे, वजन घटणे, लघवीचा त्रास? मग वाकायला लावतो, उताणे झोपवून पाय सरळ उचलून पाहतो, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्रिया बघतो. मग मणक्यांच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपत जातो. कण्यात हलणारे मणके चोवीस : मानेचे सात, पाठीचे बारा, कंबरेचे पाच. त्यांच्या खाली एकमेकांना जुळलेले त्रिकास्थि आणि टोकाला माकडहाड. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते आणि मागच्या बाजूला डावे-उजवे असे दोन छोटे सांधे. कायरोप्रॅक्टरचे लक्ष्य मुख्यतः हे मागचे सांधे.

कंबरेसाठी रुग्णाला कुशीवर वळवतात. वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, खांदा मागे. धुतलेले कापड पिळताना जसा पीळ बसतो, तसा कण्याला हलका पीळ बसतो. सांधा जिथवर सहज जातो तिथवर नेऊन थांबवायचा आणि मग नेमक्या जागी एक झटका द्यायचा. या झटक्याचा वेग फार, अंतर अगदी थोडे. सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत तो होऊन जातो. कुठे किती जोर लावायचा यापेक्षा कुठे थांबायचे, हे शिकायला वर्षे जातात. काही जण खाली पडणाऱ्या फळीचे खास टेबल वापरतात, काही जण खटका असलेल्या छोट्या उपकरणाने हलका ठोका देतात. या सगळ्याला ते अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. त्याच्या जोडीला बहुतेक जण मालीश करतात, व्यायाम शिकवतात, बसण्या-उठण्याची रीत समजावतात.

आणि तो आवाज? तो हाडावर हाड घासल्याचा नसतो. हाड जागेवर बसल्याचाही नसतो. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्यात वंगणासारखा द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटक्यात दूर गेले की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना होते तेच इथे होते. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी म्हटले होते की, आवाज बुडबुडा फुटल्याचा आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग कावचुक आणि सहकाऱ्यांनी एमआरआयमध्ये बोट ओढतानाचे चलच्चित्र घेतले. त्यात आवाज पोकळी तयार होण्याच्या क्षणी येतो आणि पोकळी आवाजानंतरही टिकून राहते, असे दिसले. एकदा मोडलेले बोट साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, हा तर आपल्या सगळ्यांचाच अनुभव. आवाज आला की नाही, याचा आराम मिळण्याशी संबंध आढळलेला नाही. मोबाइलवरच्या चित्रफितींत जे सर्वांत ठळक असते, त्याला उपचारात सर्वांत कमी अर्थ आहे.

आराम कुठून येतो

मग हाड हलते का? स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. त्रिकास्थि आणि खुब्याचे हाड यांच्यातल्या सांध्यावर झटका देण्याआधी आणि दिल्यानंतर, हाडांची जागा अतिशय अचूक मोजणाऱ्या क्ष-किरण पद्धतीने मोजणी केली. झटका देणाऱ्याला वाटत होते की सांधा आता नीट बसला. मोजणी म्हणत होती, जागा बदललेली नाही.

तरी आराम पडतो. झटक्याने सांध्याभोवतालचे स्नायू आणि त्यांतली ताण ओळखणारी टोके एकदम जागी होतात. तिथून मेंदूकडे संदेशांचा लोंढा जातो आणि दुखण्याचे संदेश काही काळ मागे पडतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, त्यामागचे तत्त्व याच जातीचे. आखडलेला स्नायू सैल होतो, हालचाल थोडी मोकळी होते, आणि हलता येतेय हे कळले की भीती कमी होते. कंबरदुखीत भीती हा दुखण्याचा मोठा हिस्सा असतो. शिवाय कुणीतरी अर्धा तास आपले ऐकून घेतो, दुखऱ्या जागी बरोबर हात ठेवतो. आपल्या भाषेत याला हातगुण म्हणतात, आणि तो खोटा नाही. एक चौथी गोष्ट मात्र विसरू नये. अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुटू लागते. आमच्या आळीतल्या बाईंच्या ओसरीवरून चालत गेलेल्या माणसांच्या मागे या चारही गोष्टी होत्या.

आकडे काय सांगतात? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ज्या संस्थेने कधीकाळी हा व्यवसाय संपवायला समिती नेमली, तिच्याच नियतकालिकात हा आढावा यावा, ही गोष्ट मला दोन्ही बाजूंना शोभणारी वाटते. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत हाताच्या झटक्याने सहा आठवड्यांपर्यंत दुखणे शंभरच्या मापावर सरासरी दहाच्या आसपास कमी झाले. फरक माफक, पण खरा. उपचारानंतर दुखणे थोडे वाढणे, अंग आखडणे, डोके दुखणे असे तात्पुरते त्रास निम्म्याहून अधिक वेळा होतात, हेही त्यात नोंदले होते. जुनाट कंबरदुखीवर २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्णांचा आढावा छापला. व्यायामासारख्या मान्य उपचारांइतकाच याचा गुण येतो, असा त्याचा निष्कर्ष.

२०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यांत व्यायाम आणि समजुतीचे शिक्षण आहे, मानसोपचाराच्या काही पद्धती आहेत, मालीश आहे आणि मणक्यांवरचे हस्तोपचारही आहेत. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा मात्र नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असे त्यात म्हटले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कंबरेसाठी हाताचा उपयोग होतो. थोडा होतो, व्यायामाच्या जोडीने अधिक होतो, आणि जादू होत नाही.

हात जिथे थांबायला हवा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सौम्य नाही. मणका सरकला म्हणून रोग होतो, हे एकदा मानले की हात कंबरेवर थांबत नाही. मग तान्ह्या बाळाचे रडणे, दमा, कानाचे दुखणे, अंथरूण ओले करणे, सगळ्यावर मणक्यांचा उपाय सुरू होतो. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी एप्रिल २००८ मध्ये ‘द गार्डियन’ मध्ये लिहिले की, लहान मुलांच्या अशा आजारांवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो याला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने वृत्तपत्राला सोडून एकट्या सिंग यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. सिंग यांनी माघार घेतली नाही. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि संघटनेला दावा सोडावा लागला. ब्रिटनचा अब्रुनुकसानीचा कायदा २०१३ मध्ये बदलला, त्यामागच्या चळवळीला या खटल्याने मोठे बळ दिले. त्याच २०१० मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने, म्हणजे या व्यवसायाच्याच अधिकृत नियामकाने, जाहीर केले की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे. ती रोगाचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बाळांच्या मणक्यांना झटका देण्यास तात्पुरती मनाई केली.

सर्वांत गंभीर प्रश्न मानेचा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्याभोवती वळसा घेतात. मान जोरात पिळली तर धमनीचे आतले अस्तर फाटू शकते. तिथे गुठळी धरते, ती मेंदूत जाऊन बसते आणि पक्षाघात होतो. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका ३४ वर्षांच्या तरुणीचा असा मृत्यू झाला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मानेच्या झटक्याने धमनी फाटल्याचा निष्कर्ष नोंदवला. कायरोप्रॅक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. कॅनडात ऑन्टारिओमध्ये ८१८ अशा पक्षाघातांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत जसा संबंध दिसला, तसाच घरच्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही दिसला. म्हणजे अनेकांची धमनी आधीच फाटू लागलेली असते, तिच्याच वेदनेमुळे ते मदत शोधत जातात. पण हा युक्तिवाद मान्य केला तर सावधगिरीची गरज वाढते. धमनी आधीच फाटू लागली असेल, तर त्या मानेला झटका देणे सर्वांत घातक.

व्यवसायाच्या आतही या प्रश्नावरून दोन तट आहेत. एक गट पामर यांची शिकवण अक्षरशः पाळतो. दुसरा गट स्वतःला सांध्या-स्नायूंचा तज्ज्ञ म्हणवतो आणि पुरावा मागतो. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये सांगितले की, नव्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत सरसकट एक्स-रे काढू नयेत. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात १९९४ पासून कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी सुरुवातीची वर्षे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकतात. स्वित्झर्लंडमध्ये वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण आणि पशुवैद्यक यांच्या पंगतीत कायरोप्रॅक्टिक पाचवा मान्य वैद्यकीय व्यवसाय आहे. उलट अमेरिकेत ज्येष्ठांची सरकारी विमा योजना मेडिकेअर १९७० च्या दशकापासून या उपचाराचे पैसे देते ते ‘सबलक्सेशन’ दुरुस्त केल्याचेच. त्यामुळे आधार नसलेला शब्द सरकारी कागदावर जिवंत राहिला. शास्त्र बदलले तरी कायद्याची भाषा बदलायला किती काळ लागतो, याचा हा धडा आहे.

आपल्या दारात

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशी महाविद्यालयात रीतसर शिकून आलेले मोजके लोक इथे काम करतात आणि चार दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारेही करतात. बाहेरच्या पाटीवरून फरक कळत नाही. मणक्यांवरचे हस्तोपचार आपल्याकडचे भौतिकोपचारतज्ज्ञही शिकतात. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर चंपीपाठोपाठ मान मोडून देण्याची पद्धत तर गल्लोगल्ली आहे. त्यातून मज्जातंतूला किंवा धमनीला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याच देशात आल्या आहेत. न्हाव्याच्या खुर्चीत बसताना ‘मान मोडू नका’ एवढे तीन शब्द आधीच सांगावेत. त्यात संकोच कसला?

आपल्याकडे आणखी एका कारणासाठी डोळे उघडे ठेवायला हवेत. मणक्याचा क्षयरोग इथे आजही होतो. महिनोन्‌महिने न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री वाढणारी कळ, उतरत जाणारे वजन, अशी त्याची चाल असते. आतून पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो ढासळू शकतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. कर्करोग होऊन गेलेला असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पडून मार लागला असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकी सारे. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. मान वळवल्यावर किंवा वळवून घेतल्यावर कधी नव्हे इतके डोके-मान दुखू लागली, चक्कर आली, एकाचे दोन दिसले, बोलणे जड झाले, तरीही तेच.

यांतले काही नसेल आणि नुसतीच कंबर धरली असेल, तर जाणत्या हातांकडे जायला हरकत नाही. जाताना विचारा, तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षे? कुठली नोंदणी आहे? मला नेमके काय झाले आहे आणि किती बैठकांत फरक दिसायला हवा? फरक दिसला नाही तर काय करायचे? घरी कोणता व्यायाम करू? जो या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो, त्याच्यापुढे पाठ करावी. जो पहिल्याच दिवशी वर्षभराच्या बैठकांचे पैसे मागतो, एक्स-रे दाखवून घाबरवतो, दमा-मधुमेहाच्या गोळ्या बंद करा म्हणतो, किंवा तान्ह्या बाळाला टेबलावर ठेवायला सांगतो, त्याचा दरवाजा बाहेरून लावावा. मानेला झटका देऊ देऊ नये. मानदुखीला व्यायाम आणि हलक्या हाताचे उपचार आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. हाताचा मान ठेवा, त्याच्याभोवती विणलेल्या कथेचा ठेवू नका. डेव्हनपोर्टच्या त्या इमारतीत एका माणसाच्या पाठीवर एक हात पडला आणि त्याला बरे वाटले, हे मी मानतो. तेवढ्यावरून सगळ्या रोगांचे मूळ सापडले, हे मानायला आधार नाही. उद्या सकाळी कंबर धरली, तर ‘काहीतरी सरकलंय’ म्हणून अंथरुणाला खिळू नका. बहुतेकदा काहीही सरकलेले नसते. उठा, दोन पावले टाका आणि संध्याकाळी चार टाका. कंबरेला चालण्याचाही गुण येतो आणि तो देणारे पाय तुमचेच आहेत.